मुलांची निवड आणि पालकांची साथ

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





प्रारंभीच एक गोष्ट नम्रपणे सांगतो. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, समुपदेशकही नाही. गांधीबागेत कापडाचा व्यापार करणारा साधा बी.कॉम. माणूस आहे. तेव्हा या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न संयोजकांना मी स्वतःच विचारला होता. ते म्हणाले, "तज्ज्ञांची भाषणे पुष्कळ झाली. ज्याने चूक केली आणि नंतर सुधारली, अशा पालकाचे अनुभव लोकांना ऐकायचे आहेत." चूक केली हे अगदी खरे आहे. ती कितपत सुधारली, हे आपणच ठरवावे.

मी १९८१ साली बी.कॉम. झालो. त्या काळी आमच्या नागपूर विद्यापीठाच्या नावापुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लागलेले नव्हते, ते २००५ साली लागले. मला पुढे सनदी लेखापाल व्हायचे होते. हिशेबाची आवड होती आणि गुणही बरे होते. वडिलांनी माझे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "शिकून दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, त्यापेक्षा आपली वही सांभाळ." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी दुकानाच्या गादीवर होतो. वडिलांविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यावर भावंडांची जबाबदारी होती, बाजारात उधारी अडकलेली होती आणि त्यांना हाताखाली विश्वासाचा माणूस हवा होता. परंतु त्या दिवशी मी मनाशी निश्चय केला, की माझ्या मुलांना हवे ते शिकू देईन. तो निश्चय मी पाळला अशी माझी पुढे कित्येक वर्षे प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत कशी खोटी ठरली हे सांगण्यापूर्वी आपल्या शहरातील दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो.

पहिली गोष्ट एम्प्रेस मिलची. जमशेटजी टाटांनी १८७७ साली ही गिरणी नागपुरात सुरू केली. माझ्या तरुणपणी एम्प्रेस मिलची नोकरी म्हणजे आयुष्याची निश्चिंती असे मानले जाई. मुलगा मिलमध्ये लागला की घरी पेढे वाटले जात आणि मुलीसाठी मिलमधील स्थळ आले की दुसरी चौकशी करण्याची गरज वाटत नसे. गिरणीच्या भोंग्यावर शहरातील घड्याळे लावली जात. ती गिरणी २००२ साली बंद झाली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. मी कापडाच्या धंद्यातला माणूस असूनही हे असे होईल, हे १९८१ साली मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. आपल्या अनुभवातील 'खात्रीचे' काम मुलांच्या काळात खात्रीचे राहीलच असे कोणताही पालक छातीठोकपणे सांगू शकत नाही, एवढेच मला यातून सुचवायचे आहे. आज आपण ज्या पदव्यांच्या मागे धावत आहोत, त्यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात आपण सर्वांनीच मुलांना किंवा नातवंडांना नेले असेल. परंतु ज्यांचे नाव त्या केंद्रास दिले आहे, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० साली सरकारी वित्त खात्याचे अधिकारी म्हणून काही काळ आपल्या नागपुरातच नोकरीला होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वित्त खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन १९०७ साली ते कलकत्त्यास रुजू झाले. त्यानंतर रंगून, मग नागपूर अशा बदल्या झाल्या. त्या काळात भारतीय तरुणाला मिळू शकणाऱ्या उत्तम नोकऱ्यांपैकी ती एक होती. दिवसा सरकारी हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ भौतिकशास्त्राचे प्रयोग, असा त्यांचा कलकत्त्यातील क्रम होता. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले तेव्हा पगार कमी होत असूनही त्यांनी ते स्वीकारले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रत्येक मूल रामन नसते, हे मलाही समजते. नोबेल पारितोषिकासाठी मी हे उदाहरण दिलेले नाही. मला त्यातील दहा वर्षे महत्त्वाची वाटतात. आवड असलेले काम आणि पोट भरणारे काम ही दोन्ही त्यांनी दहा वर्षे सोबत चालवली आणि योग्य वेळ आल्यावर एक सोडले. 'आवड की भाकरी' असा वाद आपण घराघरांत घालतो. पुष्कळदा दोन्हींची सांगड काही वर्षे घालता येते. गरज असते ती घाई न करणाऱ्या घरच्या माणसांची.

आपल्या समाजातील आणि माझ्या व्यवसायाशी नाते सांगणारे उदाहरणही आठवते. अहमदाबादचे अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक. एवढा मोठा कापडाचा कारखाना घरचा असताना त्यांचे चिरंजीव विक्रम साराभाई केंब्रिजला विज्ञान शिकण्यास गेले. महायुद्धामुळे ते परतले तेव्हा बंगळूर येथे ह्याच रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आणि पुढे ते भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक ठरले. विशेष म्हणजे घरच्या व्यवसायाशी त्यांनी नाते तोडले नाही. कापड उद्योगासाठी संशोधन करणाऱ्या 'अटिरा' या संस्थेच्या उभारणीतही त्यांचाच पुढाकार होता. मुलगा दुसऱ्या वाटेने गेला म्हणजे तो घराला दुरावला, असे समजण्याचे कारण नाही, हे मी त्यातून शिकलो. मात्र फार उशिरा शिकलो.

आता माझ्या घरची हकिकत. माझ्या मुलाची परवानगी घेऊनच ती सांगत आहे.

२००६ साली त्याने बारावीची परीक्षा दिली. मी त्याला मोठ्या मनाने सांगितले, "तुला जी आवडेल ती शाखा घे." शाखा म्हणजे अभियांत्रिकीची शाखा, हे मी गृहीतच धरले होते. संगणक, यांत्रिकी, विद्युत, अणुविद्युत, जे हवे ते घे. मी त्याला स्वातंत्र्य दिले या आनंदात होतो. त्याने एक शाखा निवडली, मी शुल्क भरले, पेढे वाटले.

पुढील दोन वर्षे 'निकाल अजून लागायचा आहे' किंवा 'बरा लागला' एवढेच उत्तर मिळत असे. मी दुकानातून रात्री नऊला परतणार, जेवताना एक प्रश्न विचारणार, त्याचे एका शब्दात उत्तर मिळणार. त्या उत्तरावर माझे समाधान होत असे.

२००८ च्या दिवाळीपूर्वी दुकानाची साफसफाई काढली होती. माळ्यावर वडिलांच्या काळापासूनच्या वह्यांचे गठ्ठे आहेत. ते वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. त्या वर्षी वाळवी लागल्याचा संशय आल्याने मी स्वतः एक गठ्ठा सोडला. वह्यांच्या मध्ये मुलाच्या गुणपत्रिका होत्या. तीन गुणपत्रिका, नीट घडी घालून ठेवलेल्या. कोठे चार विषय राहिलेले, कोठे पाच. माझ्या मुलाला आपले अपयश लपवण्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा माझ्या दुकानात सापडली होती, कारण तेथे मी कधी डोकावत नाही हे त्याला ठाऊक होते.

मी घरी गेलो आणि पहिले वाक्य बोललो ते पैशांचे. दोन वर्षांत किती शुल्क भरले, त्याचा आकडा मी त्याला सांगितला. तो काही बोलला नाही. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो माझ्याशी बोललाच नाही, आणि जेवणाचे ताटही खोलीत नेऊ लागला. त्याची आई रात्री दोनदा उठून त्याच्या दारापाशी जाऊन कानोसा घेई. ती का उठते हे मी तिला विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. दोघांनाही कारण माहीत होते. बंधू-भगिनींनो, त्या महिन्यात गल्ल्यावर बसून मी नोटा मोजत असे आणि आकडा विसरत असे.

शेवटी माझ्या धाकट्या भावाने मध्यस्थी केली. तो मुलाला घेऊन तेलंगखेडीच्या बाजूला फिरायला जाऊ लागला. आठ-दहा दिवस त्याने अभ्यासाचा विषयच काढला नाही. मग एक दिवस मुलगा आपण होऊन म्हणाला, "काका, मला गणित आवडते. यंत्रे आवडत नाहीत. पण बाबांनी ते विचारलेच नव्हते."

२००९ साली त्याने अभियांत्रिकी सोडून बी.एस्सी.ला गणित व संख्याशास्त्र घेतले. पुढे एम.एस्सी. केले. आज तो एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. त्याचे उत्पन्न त्याच्या अभियंता मित्रांपेक्षा कमी आहे. त्याचे विद्यार्थी मात्र सुट्टीच्या दिवशीही घरी येऊन बसतात. 'तीन वर्षे वाया गेली' असे मी पुष्कळ काळ म्हणत असे, आता म्हणत नाही. परंतु एक नुकसान भरून आलेले नाही. आजही काही अडचण आली तर तो प्रथम आईला सांगतो, नंतर काकाला, आणि मला सर्वांत शेवटी. ही उधारी वसूल होण्यास अजून वेळ लागणार आहे.

या अनुभवानंतर मी माझ्याच व्यवसायाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपल्यापैकी पुष्कळजण व्यापारी आहेत. दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आले तर आपण पंचवीस ताके उलगडून दाखवतो. कापड हाताळू देतो, उजेडात नेऊ देतो. तो न घेता गेला तरी हसतमुखाने 'पुन्हा या' म्हणतो आणि ताके गुंडाळून ठेवतो. आणि घरी, पोटच्या मुलापुढे आपण एकच ताका ठेवतो आणि तो त्याने नाकारला की रुसून बसतो. दुकानातील निम्मा संयम आपण घरी आणला तरी अर्धे प्रश्न सुटतील, असे माझे नम्र मत आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आजचे शिक्षण आपल्या वेळेसारखे राहिलेले नाही हे समजून घ्यावे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, म्हणजे २०२० च्या धोरणानुसार, पदवी अभ्यासक्रमात तीन वर्षांनंतर चौथे वर्ष घेण्याचा पर्याय आला आहे. मध्येच शिक्षण थांबवावे लागले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका अशी सोय आहे. मिळवलेले श्रेयांक जमा राहतात आणि पुढे उपयोगी पडतात. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यासही मुभा दिली आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या स्वप्नाचे, सनदी लेखापालाचेच, उदाहरण घ्या. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. म्हणजे चुकलेले पाऊल मागे घेण्याची सोय आज आमच्या काळापेक्षा पुष्कळ अधिक आहे. एका वर्षाच्या निकालावर आयुष्याचा निकाल लावण्याची आवश्यकता नाही.

दुसरी गोष्ट, आपले शहर नीट पाहावे. आमच्या वेळी नागपुरात मेडिकल कॉलेज, प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, एवढ्यांचीच नावे घरोघरी घेतली जात. यांतील लक्ष्मीनारायण संस्था कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिली. एका दानशूर गृहस्थाच्या मृत्युपत्रातून किती पिढ्यांचे संसार उभे राहू शकतात, हे ट्रस्टच्या या सोहळ्यात आवर्जून आठवावे असे आहे. आज याच शहरात आयआयएम, ट्रिपल आयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि एम्स आहे. मुलाला बाहेरगावी पाठवण्यापूर्वी येथील प्राध्यापकांना, शिकत असलेल्या मुलांना प्रत्यक्ष भेटावे. ज्या क्षेत्रात मुलाला जायचे आहे तेथे काम करणाऱ्या दोन माणसांबरोबर त्याला एक दिवस घालवू द्यावा. माहितीपत्रकावरील छायाचित्रे पाहून आपण कापडसुद्धा खरेदी करत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. व्यापारी घरांत मुलांना धंद्याची खरी स्थिती सांगण्याची पद्धत नाही. मंदी असली तरी शुल्क भरले जाते आणि मग रागाच्या भरात आकडा बाहेर पडतो, जसा माझा पडला. त्यापेक्षा प्रवेशापूर्वीच मुलाला समोर बसवून सांगावे, की आपण एवढा खर्च करू शकतो, त्यापुढे कर्ज घ्यावे लागेल. शैक्षणिक कर्जासाठी शासनाचे विद्यालक्ष्मी संकेतस्थळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असेपर्यंत आणि परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, व्याजात तीन टक्के सवलत आहे. शिष्यवृत्त्यांचीही चौकशी करावी, त्यात कमीपणा मानू नये. खर्चाचा आकडा आधी सांगितला तर तो हिशेब ठरतो आणि नंतर सांगितला तर तो टोमणा ठरतो.

चौथी गोष्ट, मुदत ठरवावी. अनेक मुले स्पर्धा परीक्षांच्या तयारीत असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गास बत्तीस वर्षे वयापर्यंत सहा संधी मिळतात. सहाही संधी घ्यायच्या का, तीन घ्यायच्या, आणि त्यानंतर काय, हे पहिल्या संधीपूर्वी, घरात शांतता असताना ठरवून लिहून ठेवावे. अपयश आलेल्या दिवशी अशी चर्चा करू नये. त्या दिवशी फक्त सोबत बसावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निकाल सांगण्याची मुलाला भीती वाटू नये. अठरा-वीस वर्षांचे मूल गप्प झाले, झोप-जेवण बिघडले, मित्रांना टाळू लागले, तर 'आळस आहे' म्हणून सोडून देऊ नका. ताप आल्यावर डॉक्टरांकडे नेतो, तसेच येथेही न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक पालकांनीही वापरावा. त्या २००८ च्या हिवाळ्यात अशी सेवा असती, तर आम्ही पती-पत्नींनी पहिल्याच रात्री फोन केला असता.

सहावी आणि शेवटची गोष्ट मुलींची. माझी कन्या मुलापेक्षा तीन वर्षांनी लहान. तीही बी.कॉम. झाली. मुलगा दुकानात येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, 'आता माझ्यानंतर गादी कोणाची' ही चिंता मी चार नातेवाइकांजवळ बोलून दाखवली. घरात मात्र बोललो नाही. एक दिवस तिनेच विचारले, "बाबा, तुम्ही सर्वांना विचारता, मला का विचारत नाही?" लहानपणापासून ती उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानात येत असे. हाताने कापड चोळून त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती, हे ती मुनीमजींच्या आधी सांगत असे. मी ते कौतुकाने पाहिले, परंतु त्याचा अर्थ लावला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आजवर विक्रीकरापासून मुक्त असलेले कापड प्रथमच पाच टक्के कराच्या कक्षेत आले, तेव्हा बाजारात मोठा गोंधळ होता. आमच्या दुकानाची सर्व नोंदणी, बिले आणि विवरणपत्रे तिने बसवून दिली. तिचे सासर नागपुरातच आहे, आणि आज त्या गादीवर ती बसते. मी बाजूच्या खुर्चीवर असतो. जुने गिऱ्हाईक आले की मला नमस्कार करते आणि भाव तिला विचारते.

वडिलांनी मला जे विचारले नाही, ते मी मुलाला विचारले नाही, आणि मुलाच्या बाबतीत शिकल्यावरही मुलीला विचारण्याचे मला सुचले नाही. ही सवय किती खोल असते पाहा. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या मुला-मुलींना एकच प्रश्न विचारा, "तुला काय आवडते?" आणि विचारल्यानंतर निदान दहा मिनिटे काहीही बोलू नका. पहिल्या दिवशी कदाचित उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. उत्तर आपल्याला न रुचणारे असेल तर अडचणी जरूर सांगा, खर्च सांगा, धोके सांगा, तो आपला अधिकारच आहे. परंतु निर्णयावर शेवटची सही ज्याला त्या निर्णयासोबत चाळीस वर्षे राहायचे आहे त्याची असू द्या.

माझ्या दुकानाच्या माळ्यावरील त्या तीन गुणपत्रिका मी फेकल्या नाहीत. त्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कोणी स्नेही मुलाच्या प्रवेशाबाबत सल्ला मागण्यास आले, तर मी आधी त्या काढून दाखवतो आणि मग बोलतो.